तो 'बेस्ट लेआउट' नक्की कुणासाठी बेस्ट?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या तुमच्या पुरवणीत स्टारड्यू व्हॅलीवर अर्धं पान बघून आधी बरंच वाटलं, कारण मराठी पेपरात गेमबद्दल काही आलं की ते एकतर मुलं बिघडली म्हणून येतं नाहीतर कुणाचे तरी पैसे बुडाले म्हणून. लेख चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या चौकटीबद्दल, 'सगळ्यात जास्त कमाई देणारा बेस्ट लेआउट' म्हणून शेताचा जो नकाशा छापलाय ना, त्याच्याबद्दल.

ज्यांनी हा गेम बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने बसून हा बनवला, कोडिंग, चित्रं, संगीत सगळं त्याचंच, २०१६ च्या फेब्रुवारीत आला आणि २०२४ संपेपर्यंत ४ कोटींच्या वर प्रती खपल्या. आजोबा पडीक शेत तुमच्या नावावर ठेवून जातात, तुम्ही शहरातली नोकरी सोडून तिथे येता, मग दगडगोटे झाडझुडूप साफ करून पेरणी, कोंबड्या, गाई, मासेमारी, खाण, सगळं काही. वर्षात ऋतू चार आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. शेत म्हणजे चौकोनांचं जाळं, आणि त्या चौकोनांत काय कुठे बसवायचं ते ठरवणं म्हणजे लेआउट. काही जण तर गेम खेळतात कमी आणि हेच जास्त करतात (हात वर!).

सुरुवातीला शेताचा मॅप निवडावा लागतो, त्यातल्या साध्या मॅपवर नांगरता येतील असे ३,४२७ चौकोन आहेत. एक चौकोन मीटर बाय मीटर धरला, गेम तसं कुठे सांगत नाही, हा माझाच हिशोब, तर जेमतेम ३४ गुंठे होतात, एकरसुद्धा नाही! २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी शेत १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास निघालं होतं, तेव्हा गेममधला आपला हिरो अत्यल्पभूधारक झाला. एवढ्याशा जागेत पिकं, गोठा, कोंबड्या, फळझाडं, मधमाश्या, दारूच्या केगा (म्हणजे पिंपं) सगळं बसवायचं म्हणून तर डोकं लागतं.

आता तुमच्या चौकटीकडे येऊ. त्यात सगळं रान इरिडियम स्प्रिंकलरने (इरिडियम या दुर्मिळ धातूचा, आपोआप पाणी घालणारा फवारा) भरलंय, प्रत्येकाभोवती २४ चौकोन, पाच बाय पाचचे ठोकळे एकाला एक चिकटवून, सगळीकडे एन्शंट फ्रूट नावाचं महागडं फळपीक, एका ठोकळ्यात हॉप्स (बिअरला लागतात ते) आणि कडेने शेड, त्यात केगा. कमाईच्या हिशोबाने चूक नाहीये. एन्शंट फ्रूट एकदा धरलं की दर ७ दिवसांनी फळ देतं, वसंतात लावलं तर शरदापर्यंत चालतं, आणि त्याची वाईन साधी धरली तरी गेममधल्या १,६५० नाण्यांना जाते. पण हा लेआउट कुठल्या मॅपचा, कितव्या वर्षीचा, काहीच लिहिलेलं नाही, आणि खरी गोची तिथेच आहे.

माझ्या भाच्याने तुमची चौकट कापून भिंतीला लावली आणि नवीन शेत सुरू केलं, ते बीच फार्मवर. हा समुद्रकिनाऱ्याचा मॅप, २०२० च्या डिसेंबरमध्ये १.५ अपडेटबरोबर आला, दिसायला एकदम झकास आणि ऐसपैस, म्हणून पोरं हाच निवडतात. पण तिथल्या वाळूत स्प्रिंकलर बसतच नाही, एक छोटा तुकडा सोडला तर! गेम मॅप निवडतानाच तसं लिहून दाखवतो, पण पेपरात 'बेस्ट' छापून आलंय म्हटल्यावर ती ओळ कोण वाचतंय. बिचारा ऋतूभर झारी घेऊन पळतोय. बीचवर लेआउटचा विचारच वेगळा करावा लागतो, पिकं थोडी, घराजवळ आणि पाण्याजवळ, बाकी जागा जनावरांना, फळझाडांना, शेडना द्यायची, आणि किनाऱ्याला वाहून आलेल्या पेट्या गोळा करायची वाट मोकळी ठेवायची. रिव्हरलँडवर तर नुसती बेटं आहेत, पाचाचे ठोकळे एका ओळीत बसवायला जागाच नाही. फॉरेस्टवर डाव्या कडेला सागवानासारख्या टणक लाकडाचे ओंडके रोज नव्याने येतात, तिकडे शेड बांधली तर हातचं घालवलं. मेडोलँड्सवर सुरुवातच कोंबड्यांच्या खुराड्याने होते, एरवी सुरुवातीला मिळतं ते पार्सनिपचं (गाजरासारखा कंद) बी मिळतच नाही. अशी प्रत्येक जमिनीची तऱ्हा वेगळी असताना सगळ्यांना एकच नकाशा कसा चालेल?

दुसरं म्हणजे वर्ष. इरिडियम स्प्रिंकलरची रेसिपी शेतीची लेव्हल ९ झाल्यावर मिळते, आणि रेसिपी मिळाली म्हणून इरिडियम मिळत नाही, त्यासाठी खाणी पालथ्या घालाव्या लागतात. नवीन माणसाकडे पहिल्या वसंतात असतं काय, तर एक झारी आणि २७० एनर्जी. एका चौकोनाला पाणी घालायला २ एनर्जी जाते, म्हणजे दिवसभर दुसरं काहीही केलं नाही तरी १३५ चौकोन भिजवून माणूस आडवा. त्यात दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला जिथे असाल तिथे कोसळता. त्यामुळे पहिल्या वर्षीचा चांगला लेआउट म्हणजे तळ्याजवळ, दाराजवळ, छोटासा, आटोपशीर वाफा, एक बुजगावणं आणि पुढे स्प्रिंकलर येतील तेव्हा मोडायला न लागता वाढवता येईल अशी जागा सोडलेली, बास. तेही बुजगावणं लगेच लागत नाही, पिकं १५ च्या वर गेल्याशिवाय कावळे फिरकतच नाहीत. हे कुणी छापत नाही कारण त्याचा फोटो काही भारी दिसत नाही.

आणि त्या हॉप्सच्या ठोकळ्याबद्दल तर बोलायलाच हवं. हॉप्स वेल आहे, मांडवावर चढतो, त्यातून माणूस चालत जाऊ शकत नाही, फरसबी आणि द्राक्षांचंही तेच. बाकीच्या पिकांतून आपण खुशाल तुडवत जातो त्यामुळे ठोकळे चिकटवले तरी चालतं. पण पाच बाय पाच अख्खा हॉप्सने भरला तर बाहेर उभं राहून फक्त कडेची रांग तोडता येते, मधली आठ झाडं डोळ्यांनी बघत बसायची. हॉप्स तर धरल्यावर रोज तोडायचं पीक! म्हणजे ज्याने हा नकाशा काढला त्याने तो स्वतः एक ऋतूही खेळून बघितला नसणार, कुठल्या तरी प्लॅनरवर चौकोन रंगवले आणि दिले पाठवून. वेलाच्या पिकांना रांगांच्या मधे चालायची पट्टी सोडावी लागते, स्प्रिंकलरचे थोडे चौकोन वाया गेले तर गेले.

माझं मत असंय की लेआउटमध्ये पाण्यानंतर चालणं महत्त्वाचं, पैसा त्याच्याही नंतर. गेममधली १० मिनिटं म्हणजे खरे ७ सेकंद, सगळा दिवस पाव तासाचा पण नाही, चौदा-एक मिनिटांत संपतो. सकाळी दारातून बाहेर पडलं की कुठून सुरुवात, कुठे कोंबड्या, कुठे दूध, कुठे पेटी, आणि शेवटी कुठल्या वाटेने बाहेर, हे एका रेषेत आलं पाहिजे. गावात जायची वाट पूर्वेला, जंगलाची दक्षिणेला, डोंगराची उत्तरेला. मी ज्या दिशेला जास्त जाते त्या तोंडाशी एक पेटी ठेवलेली असते, कुदळ, तलवार, खायचं सामान त्यातच, परत घरापर्यंत यायची भानगड नाही.

मधमाश्यांचं सांगते, कारण लेआउटची खरी गंमत मला तिथे कळली. मधाच्या पेटीला पाच चौकोनांच्या आत फूल असलं की मध त्या फुलाचा होतो. नुसता रानमध १०० ला जातो आणि फेअरी रोजचा ६८०! आणि एकच फूल सगळ्या पेट्यांना पुरतं. म्हणून मधोमध एक फेअरी रोज, भोवती पेट्यांची कडी, त्यात आत शिरायला एक फट, असा चौक करायचा. फूल तोडायचं नाही, उभंच ठेवायचं, पण मध काढताना घाईत फुलावर क्लिक झालं की गेलं, सगळा चौक परत १०० वर. म्हणून फूल अशा ठिकाणी हवं की पेट्यांपर्यंत पोचताना त्याच्या शेजारी उभंच राहावं लागू नये, आणि ते जमवताना एखादी पेटी कमी करावी लागते. इंटरनेटवरच्या जास्तीत जास्त पेट्यांच्या नकाशांत ही एक पेटी कुणी कमी केलेली नसते. शिवाय हिवाळ्यात मध नाहीच, तेव्हा त्या जागेचं काय ते आधीच ठरवा.

आमचे अप्पा, वडील, गावाकडे ऊस आणि थोडी केशर आंब्याची झाडं, ते एकदा मागे उभे राहून बघत होते आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "मोटर कुठंय?" मी म्हटलं मोटर नाही. "मग पाणी येतंय कुठनं?" याला उत्तर नाहीये, गेममध्ये स्प्रिंकलरला ना पाइपलाइन लागते ना विहीर, ठेवला की सकाळी आपोआप पाणी. त्यांच्या मते मग हा लेआउटच नाही, कारण शेताची आखणी विहिरीपासून आणि उतारापासून सुरू होते. पटलं मला. आणि गेममधल्या रॉबिन सुतारणीला सांगून गोठा इकडचा तिकडे फुकटात, तेही उभ्याउभ्या हलवता येतो हे बघून तर ते म्हणाले असा बांध हलवता आला असता तर निम्मी कोर्टं ओस पडली असती. फळझाडांचं तर गेममध्ये उलटंच आहे. आपल्याकडे आंबा १० बाय १० मीटरवर लावला की पहिली काही वर्षं मधल्या रिकाम्या जागेत आंतरपीक घेतात, मग झाडं मोठी होऊन सावली पडली की बंद करतात. गेममध्ये झाड वाढत असताना २८ दिवस भोवतीचे ८ चौकोन मोकळे ठेवायचे आणि झाड तयार झालं की अगदी खोडाला चिकटून काहीही ठेवा. अप्पांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

तरीसुद्धा मी म्हणते की पोरांनी हे करावं, कागदावर, चौकटीच्या वहीत, स्वतःच्या हाताने. पण तयार नकाशा चिकटवून नाही. कारण कमाईचा बेस्ट लेआउट सगळ्यांचा शेवटी एकसारखाच होतो, एन्शंट फ्रूट आणि केगा, मोठ्या शेडमध्ये १३७ केगा कोंबायच्या, दर आठवड्याला भरा, काढा, भरा, काढा. त्यातून पैसा येतो आणि मग तो घालायचा कुठे तर एक कोटीचं सोन्याचं घड्याळ आहे, ते घ्यायचं, त्याने कुंपण कुजत नाही आणि शेतात कचरा होत नाही. झालं. एका पिकाच्या मागे अख्खा तालुका लागला की काय होतं हे तुमच्याच पेपरच्या कृषी पानावर वर्षानुवर्षं येतंय, गेममध्ये निदान भाव पडत नाहीत एवढंच.

आणि गेमलाही तसं नकोय बरं का. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन तुमच्या कामाला गुण देतात, एकूण २१ गुण, त्यातले पैशाचे किती, तर ७. तेही दहा लाख एकूण कमाई झाली की पुरे मिळतात, त्यापुढे कितीही कमवा, एकही गुण जास्त नाही. गुणांप्रमाणे मेणबत्त्या पेटतात, सगळ्या म्हणजे चार पेटायला १२ गुण लागतात, म्हणजे नुसत्या वाईनवर आजोबा खूश होतच नाहीत, गावात माणसं जोडावी लागतात, म्युझियम भरावं लागतं, लग्न करावं लागतं, पाळीव कुत्र्या-मांजराने सुद्धा जीव लावलेला असावा लागतो. सकाळचे दोन तास केगांत घालवणाऱ्या लेआउटमध्ये यातलं काय होणार?

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी लेआउट छापाल (आणि छापाच, थांबवू नका) तर सोबत मॅपचं नाव, कितव्या वर्षीचा आहे, कुठला स्प्रिंकलर धरलाय आणि सकाळची चालायची वाट बाणाने दाखवा. वाचकांकडून त्यांच्या हाताने काढलेले मागवले तर अजून मजा येईल, पहिल्या वर्षीचे वेगळे मागवा. आणि त्याच चौकटीत खाली क्वालिटी स्प्रिंकलर ९ चौकोन भिजवतो असं आलंय, ते ८ हवं, नववा चौकोन तो स्वतः बसायला घेतो. दुरुस्ती छापली तर माझ्या भाच्याला दाखवता येईल, माझं तो ऐकत नाही.

आपली नियमित वाचक,
कराड