दहा हजार पावलांचा धाक

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत ज्येष्ठांसाठी ‘रोज दहा हजार पावले’ हा सल्ला अधूनमधून छापून येतो. मी ७२ वर्षांचा आहे आणि या आकड्यापायी माझे दोन महिने फुकट गेले, म्हणून हे पत्र.

वाढदिवसाला नातीने पावले मोजणारे घड्याळ मनगटावर बांधले. पहिल्या दिवशी साडेतीन हजारांवरच दम संपला. घड्याळाने नापास केल्यासारखे वाटले आणि मी ईर्ष्येला पेटलो. आठवड्याभरात नऊ हजारांपर्यंत मजल मारली खरी, पण उजवा गुडघा असा सुजला की चालणेच बंद पडले.

सक्तीच्या विश्रांतीत वाचायला वेळ मिळाला. तेव्हा कळले की दहा हजार हा आकडा मुळात डॉक्टरांनी काढलेलाच नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. जाहिरातीला सोयीचा, गोल आकडा! तोच पुढे जगभर पथ्यासारखा पाळला जाऊ लागला.

अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. त्यात सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रिया होत्या. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतले मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. फायदा साधारण ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि पुढे तिथेच राहिला. मुळात धडधाकट असणारी माणसेच जास्त चालतात, हेही त्यात आलेच. तरी ज्याला तीन हजारांवर धाप लागते, त्याला हे आकडे केवढा धीर देतात!

‘गुडघे झिजतील, बसून राहा’ असे सांगणारेही घरोघरी आहेत. पण सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि सांधा हलला, त्यावर भार पडला-उठला की तो द्रव आत-बाहेर खेळतो. म्हणजे बेताचे चालणे गुडघ्याच्या भल्याचेच. माझी चूक झाली ती एकदम वाढवण्यात. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करायला लावली. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग ठेवा म्हणाले. (मला एरवीही गाता येत नाही, हा भाग निराळा.)

आता मी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालतो. जेवणानंतर पायांचे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे ती फार चढत नाही. मधुमेह्यांनी मात्र औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून घ्याव्यात. झोपेत फरक पडला. चिडचिड कमी झाली, असे घरचे म्हणतात.

आणखी एक गोष्ट पुरवणीत कधीच दिसत नाही. नुसत्या चालण्याने तोल आणि ताकद पुरेशी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीखेरीज तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही करायला हवेत. आमच्या वयात पडणे किती महागात जाते, ते वेगळे सांगायला नको. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हा माझा व्यायाम. पहिल्या दिवशी चारच जमले होते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी सरसकट दहा हजारांचा आकडा छापू नका. ‘आज जितके चालता, त्यात हळूहळू हजार पावलांची भर घाला’ असे लिहा. नातीने माझ्या घड्याळातले लक्ष्य सहा हजारांवर आणून दिले आहे. काल ५,२०० झाली. गुडघ्याची तक्रार नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक