रॅम दुप्पट केली, सर्व्हर जास्तच पडू लागला

संपादक महोदय,

‘सर्व्हर डाऊन’ची पाटी आणि तिच्यासमोर पेन्शनसाठी ताटकळलेली म्हातारी माणसं, असे फोटो वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या पाटीमागच्या खोलीत मी वीस वर्षं काम केलं, म्हणून हे पत्र.

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर जुनं ३२-बिट लिनक्स होतं, म्हणजे मेमरीचे पत्ते ३२ बिटांतच मांडणारी ऑपरेटिंग सिस्टिम. महिनाअखेरीला व्याजाची आकारणी सुरू झाली की डेटाबेस बंद पडायचा आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘आउट ऑफ मेमरी’ (मेमरी संपली) दिसायचं. संचालक मंडळाने निविदा काढून १६ जीबी रॅम ३२ जीबी केली. मग सर्व्हर दर आठवड्याला पडू लागला. खापर फुटलं नव्या रॅमवर. रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी चालवली, एकही चूक निघाली नाही.

शेवटी आकारणी चालू असतानाच मोकळी मेमरी दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडला ‘-एल’ जोडून पाहिलं. वीसेक जीबी रॅम मोकळी होती, पण ‘लो’च्या ओळीत जेमतेम काही एमबी. ३२-बिट लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःच्या कामासाठी थेट वापरता येते ती ही ‘लो’ जागा साधारण ८९६ एमबी. रॅम कितीही बसवा, ती वाढत नाही. उलट रॅमच्या दर ४ केबीच्या तुकड्यामागे (याला ‘पान’ म्हणतात) ३२ बाइटची एक नोंद याच जागेत राहते. १६ जीबीला या नोंदी १२८ एमबी खातात, ३२ जीबीला २५६. पैसे मोजून आम्ही कर्नलचीच जागा घटवली होती!

प्रोसेसर पहिल्यापासून ६४-बिट होता. ६४-बिट लिनक्स टाकायला एक रविवार पुरला. जुना प्रोग्रॅम ३२-बिट लायब्रऱ्या घातल्यावर त्यावर तसाच चालला. ‘चालू सिस्टिमला हात नको’ म्हणत आम्ही त्याआधी सहा महिने घालवले, आणि तेवढे दिवस काउंटरवरच्या मुलीने लोकांच्या शिव्या खाल्ल्या. ते मला आजही बोचतं.

विंडोज सर्व्हर २००३च्या ३२-बिट स्टँडर्ड आवृत्तीत तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. तिचा सपोर्ट १४ जुलै २०१५ रोजी संपला.

सहकारी संस्थांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. रॅमची निविदा समोर आली की सही करण्याआधी सिस्टिम ३२-बिट आहे की ६४-बिट, हे विचारा, आणि ऐन गर्दीच्या वेळचा मेमरीचा आकडा कागदावर मागा.

– एक निवृत्त सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सांगली