6204 आणि गोडाऊनमधले काका

मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस की ते एआय कन्सल्टंट म्हणजे नक्की काय करतोस रे, आणि तेवढ्यात तुर्भ्याला नेटवर्क गेलं, म्हणून आता बसून टाइप करतोय. आईला अजून "कंप्युटरचं काम" एवढंच माहितीये.

ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची, रबाळ्याला उतरायचं, पुढे रिक्षा. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि नंतर एमआयडीसीतल्या शेठलोकांना एआय पाहिजेच झालं, कशाला विचारलं तर म्हणतात सगळे घेतायत.

आता एक बेअरिंगवाला आहे, त्याला व्हॉट्सअपवर आपोआप कोटेशन जायला हवं होतं. टॅलीतून आयटम लिस्ट काढली तर एकच 6204 नंबरचं बेअरिंग सात तऱ्हेने लिहिलेलं, कुठे झेडझेड, कुठे डबल झेड, एका ठिकाणी तर नुसतं "नेहमीचं"! मी ते साफ न करताच बॉट चालू केला, शेठची घाई होती पण चूक माझीच. बॉटने एका गिऱ्हाइकाला झेडझेडच्या जागी टूआरएस लावून दिलं. माप दोन्हीचं सेम रे, आत 20, बाहेर 47, जाडी 14 मिलिमीटर, पण झेडझेडला दोन्हीकडून पत्र्याची शिल्ड असते आणि टूआरएसला रबरी सील, आणि ह्या पार्टीला ते भट्टीशेजारच्या कन्व्हेयरला बसवायचं होतं, तिथे रबर किती दिवस टिकणार. बॉटला ह्यातलं काही कळत नाही, तो पुढचा शब्द कुठला शोभेल ते बघतो आणि माहिती नसली तरी गप्प बसत नाही (आपल्या कॉलेजच्या ग्रुपसारखाच).

माल निघताना गोडाऊनमधल्या काकांनी खोका उघडून बघितला आणि म्हणाले, ह्यांची भट्टी आहे, ह्यांना कायम झेडझेडच जातं. हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

मग तीन आठवडे मी काकांशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, ते सांगतायत आणि मी एक्सेलमध्ये भरतोय, कुठली पार्टी काय नेते, कोण उधारी बुडवतो, सगळं. आता बॉट नुसता कच्चं कोटेशन बनवतो, काकांनी ओके केल्याशिवाय बाहेर जात नाही. शेठ वैतागलाय, म्हणतो मग माणूस कुठे कमी झाला, आणि माझं अर्धं बिल अडकवून बसलाय.

पण बिलाचं सोड. शेवटच्या दिवशी काका चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, हे सगळं लिहून झालं की मला ठेवतील ना?"

मी चहा मागवला. तू असतास तर काय बोलला असतास रे?

तुझाच