आगरवाड्याच्या मिठाला विकासात स्थान हवे

महोदय,

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानसेवा सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्याच्या विकासाची चर्चा जमिनींचे भाव, हॉटेले आणि टॅक्सी व्यवसाय यांच्यापलीकडे फारशी जात नाही. शापोरा नदीकाठच्या आगरवाडा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मिठाच्या धंद्याचे या चर्चेत नावही निघत नाही, याचे आम्हा पेडणेकरांना वाईट वाटते.

गोव्याचे मीठ एकेकाळी लमाणांच्या बैलतांड्यांवरून घाट चढून जात असे. ब्रिटिश मुलखातील करपात्र मिठापुढे ते स्वस्त पडू लागल्यामुळेच १८७८ च्या करारान्वये ब्रिटिशांनी गोव्यातील मीठ उत्पादनाचे नियंत्रण आपल्या हाती घेतले आणि १८९२ पर्यंत ते सोडले नाही. एका साम्राज्याला ज्याची दखल घ्यावी लागली, त्या धंद्याची आज तालुक्याच्या नियोजनात दखल असू नये, हे पटत नाही.

हे काम अतिशय कष्टाचे आहे. पावसाळा सरला की बांध डागडुजी करून घ्यायचे, मानशीतून, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारातून, पाणी बाहेर सोडायचे, वाफ्यांतला चिखल तुडवून व चोपून तळ घट्ट करायचा आणि मग भरतीचे खारे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत उन्हावर आटवायचे. एवढे करून मीठ धरू लागल्यावर अवकाळी पावसाची एक सर आली, तरी वाफ्यातले मीठ विरघळते आणि तळ पुन्हा बसवावा लागतो. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवायच्या साठवणीच्या, खरेदीला लोक हे मीठ आवर्जून नेतात, पण ते खारवलेल्या मासळीसाठी, लोणच्यासाठी आणि माडांच्या मुळाशी घालण्यासाठी. रोजच्या जेवणातील मिठाच्या बाजारात त्याला वाव नाही, कारण २००६ पासून खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणे बंधनकारक आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे; परंतु आयोडीन मिसळण्याची यंत्रणा आणि तपासणीचा खर्च एकेकट्या मिठागरवाल्याला पेलणारा नाही.

म्हणून मिठागरवाल्यांची सहकारी संस्था उभी राहावी आणि आयोडीन मिसळणे, तपासणी, पॅकिंग व साठवण यांसाठी तिला सरकारने एक सामाईक केंद्र बांधून द्यावे, अशी माझी मागणी आहे. त्यानंतर विमानतळावरील दुकानांत आणि किनाऱ्यावरील हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत हे मीठ पोहोचवणे कठीण नाही. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच तालुक्यातील मिठासाठी तसा अभ्यास तरी हाती घ्यावा.

बांधांचा प्रश्न मात्र यापेक्षा तातडीचा आहे. बांध फुटला तर खारे पाणी मिठागरात थांबत नाही, ते लगतच्या भातशेतीतही शिरते, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीचा भार केवळ मीठ पिकवणाऱ्यांवर टाकणे अन्यायाचे आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजन जमिनींच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींच्या, संरक्षणाची स्वतंत्र तरतूद आहे. तिला धरून सरकारने दिवाळीपूर्वी बांध व मानशींची पाहणी करावी आणि दुरुस्तीचा निधी हंगामाआधी हाती पडेल अशी व्यवस्था करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पेडणे