आई, तुझे ओठ मला वाचता येतात

मँचेस्टर,
सप्टेंबर, रविवार संध्याकाळ

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तासाभरापूर्वीच आपलं बोलणं झालं. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, इथे संध्याकाळचे पाच. आई, तू विचारलंस जेवलीस का, मी हो म्हटलं. मी विचारलं बाबांचा गुडघा कसा आहे, तू म्हणालीस बरा आहे. कापसाची पऱ्हाटी बरी, पाऊस बरा, दादा बरा. मग नेहमीसारखं नेटवर्क गेलं. आवाज बंद झाला, चित्र तेवढं हलत राहिलं. तुला वाटलं फोन कटला. तू बाबांकडे मान वळवून काहीतरी बोललीस. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. तू म्हणालीस, "तिले सांगू नका जी."

हे मला कसं कळलं, ते सांगायचं तर आधी आमच्या शेजारच्या आजींबद्दल सांगावं लागेल.

त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मूळच्या बर्नलीच्या, इथून उत्तरेला आहे ते गाव. पंधराव्या वर्षी तिथल्या कापडाच्या गिरणीत मागावर लागल्या. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालायचे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही म्हणे. मग बायांनी आपली एक बोली काढली. आवाज काढायचाच नाही, ओठ मोठे मोठे हलवायचे, जोडीला हाताच्या खुणा. या मागावरून त्या मागावर, चार ओळी पलीकडे गप्पा चालायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाला दिवस गेले, सगळं. 'मी-मॉ' म्हणतात तिला. त्या आवाजात कितीतरी बायांचे कान गेले. आजींचेही जवळजवळ गेलेच आहेत. पण समोरच्याच्या ओठांवरून त्यांना अर्ध्याहून जास्त समजतं.

मी आले तेव्हा इकडचं बोलणं मला कळायचंच नाही. पुस्तकातलं इंग्रजी वेगळं, या लोकांचं वेगळं. आजींनी ते ओळखलं. बोलता बोलता थांबायच्या, मला तोंडाकडे बघायला लावायच्या आणि तेच वाक्य सावकाश ओठांनी म्हणून दाखवायच्या. कामावरून आले की मी दहा-पंधरा मिनिटं त्यांच्याकडे बसते. तेव्हापासून माणूस बोलायला लागला की माझं लक्ष आधी त्याच्या ओठांकडे जातं. आणि तुझे ओठ तर मी तुझ्या मांडीवर होते तेव्हापासून बघत आले आहे.

तू मान वळवलीस तेव्हा फोनही थोडा वळला. बाबांच्या मागे गोठा दिसला. दावण रिकामी होती.

मग पोळ्याचा दिवस आठवला. तू तोरण दाखवलंस, ठोंबरा दाखवलास, झडत्या म्हणणारी पोरं दाखवलीस. मी म्हटलं, पाखऱ्या-मोऱ्या दाखव ना. तू म्हणालीस, गर्दी आहे बाप्पा, मंग दाखवतो. तेव्हा मी ते सोडून दिलं. आज समजलं की दाखवायला जोडी नव्हतीच.

बाबा, मी रागावले नाही. खरंच नाही. तुमच्या गुडघ्याने वखरामागे चालणं होत नाही हे मला कळतं. दादा पुण्याला, मी इथे. बैलांचं चारापाणी, शेण, रात्रीची उठबस, एकट्या माणसाने कुठवर करायचं? भाड्याच्या ट्रॅक्टरने काम होतं, हेही खरं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही खांद शेकायला बसायचात, मी हळद-लोण्याची वाटी धरून उभी राहायचे, आणि तुम्ही त्यांच्या कानाशी जाऊन म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." या वर्षी तुम्ही हे आवतण कुणाला दिलंत? की संध्याकाळभर ओसरीवर नुसते बसून होतात? हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तुम्हाला वाटतं, पोरगी साता समुद्रापार गेली, आता शेतातलं सांगून तिला कशाला त्रास द्यायचा. पण मी जिथे येऊन पडले आहे ते गावच कापसावर उभं राहिलं आहे. हे मागेच लिहायचं होतं. फोनवर असलं बोलणं निघतच नाही.

गेल्या हिवाळ्यात चेच्ची आणि मी इथलं 'रॉयल एक्स्चेंज' बघायला गेलो. चेच्ची म्हणजे माझ्या घरातली मैत्रीण, कोट्टायमची, माझ्याच वॉर्डात नर्स आहे. मल्याळममध्ये थोरल्या बहिणीला चेच्ची म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी तिला दुकानातून सांबार आणायला सांगितलं, तर ती सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आली. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला कुठून माहीत असणार? त्या दिवसापासून आमचं जमलं, ते आजपर्यंत.

तर ते एक्स्चेंज. बाबा, भला मोठा हॉल, वर काचेचे घुमट. आता मध्ये नाटकाचं थिएटर आहे, १९७६ पासून. पण एके काळी तिथे कापसाचे आणि कापडाचे व्यापारी भरायचे. वर भिंतीवर भावाचा फलक आहे. १९६८ साली तिथला व्यवहार कायमचा थांबला, आणि त्या शेवटच्या दिवसाचे भाव फलकावर अजून तसेच आहेत. मी मान वर करून बघत राहिले. मला तुम्ही दिसलात, रेडिओ कानाशी धरून भाव ऐकणारे. आम्ही पोरं दंगा करायचो, तेव्हा तुम्ही नुसता हात वर करायचात आणि घर चिडीचूप व्हायचं. तुमचा तो वर केलेला हात मला त्या फलकाखाली उभं असताना आठवला आणि रडू आलं. चेच्चीला वाटलं मला बरं वाटत नाही.

वऱ्हाड १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा बंद झाला आणि या भागातल्या गिरण्यांना टाळं लागलं. लोक उपाशी राहू लागले. तेव्हा यांना आपला कापूस हवा झाला. हिंदुस्थानातला कापूस कुठलाही असो, इथे त्याला 'सुरत'च म्हणायचे. आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा, म्हणून कामगार त्याला नावं ठेवायचे. ज्या कापसाला ते नावं ठेवत होते तो वेचणारी बाई कोण होती, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि आपला माल कुठे जातो हे तिला तरी कुणी सांगितलं असेल? तिकडे भाव चढला, आपल्याकडे लोकांनी ज्वारी मोडून पऱ्हाटी लावली, चार वर्षांनी युद्ध संपलं आणि भाव पडला. बाबा, तुम्ही म्हणता ना, "आपण पिकवतो अन् भाव दुसराच ठरवतो." तो दुसरा जिथे बसायचा ती जागा मी डोळ्यांनी पाहिली.

पण या गावाचं आणखी एक सांगायला हवं. त्याच उपासमारीत, १८६२ च्या शेवटच्या दिवशी, इथल्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पत्र लिहिलं, की गुलामगिरी संपवायच्या कामात आम्ही तुमच्या बाजूने आहोत. गुलामांनी वेचलेला कापूस आला असता तर त्यांच्या चुली पेटल्या असत्या, तरी. लिंकनने उत्तर पाठवलं. त्याचा पुतळा इथे भर चौकात आहे. कामावरून दमून येताना बस त्या बाजूने गेली तर मी खिडकीतून बघते. मला या गावाबद्दल माया वाटते, ती यामुळेच.

डार्वेनलाही जाऊन आलो. व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी मिळते. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी तिथे आले होते, गिरणी कामगारांना भेटले होते. आपल्याकडच्या बहिष्काराने ज्यांची कामं गेली होती, त्यांनाच. बाया त्यांच्याभोवती जमून जयजयकार करताहेत असा फोटो आहे. सेवाग्रामला नर्सिंग शिकताना मी कितीदा बापू कुटीच्या अंगणात बसले असेन, पण हे मला तिथे कधी कळलं नाही. मी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या आईचं काम त्याच सुमाराला सुटलं होतं, आणि घरात गांधींचं नाव निघालं की ती गप्प बसायची. मग आम्ही दोघीही थोडा वेळ गप्पच होतो. नंतर त्यांनी चहा केला.

आणि आई, आपली शकुंतला आगगाडी! तुझी वरात कारंज्याहून दारव्ह्याला जिच्यातून आली ती. बाबा नेहमी सांगतात, एवढी हळू चालायची की वरातीतली पोरं उतरून बोरं वेचायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची. तिचं जुनं वाफेचं इंजिन १९२१ साली इथेच मँचेस्टरला बनलं होतं. १९९४ च्या एप्रिलपर्यंत त्यानेच ती गाडी ओढली. म्हणजे तुला सासरी आणलं ते इंजिन माझ्या आत्ताच्या गावचं. हे समजलं त्या रात्री मला किती वेळ झोप आली नाही.

आता माझं. तुम्ही लपवलंत हे मी लिहिलं, तर मी लपवलेलंही लिहायला हवं.

आल्यावर इथली प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, ऑस्की म्हणतात. ती मी पहिल्या खेपेला पास झाले नव्हते. तुम्हाला सांगितलं की तारीख पुढे गेली. तारीख पुढे गेली नव्हती, मी नापास झाले होते. तिथे हाताने जे कराल ते तोंडाने बोलूनही दाखवावं लागतं, हात धुते आहे, नाव तपासते आहे, आता नाडी बघते आहे. मी सगळं बरोबर केलं, पण मुकाट्याने. आपल्याकडे काम करताना बोलायची सवय कुठे असते? दुसऱ्या खेपेला चेच्ची रोज रात्री माझ्यापुढे पेशंट होऊन पडायची आणि मी एकेक गोष्ट मोठ्याने बोलत तिला तपासायचे.

फेब्रुवारीत दोन रविवार फोन केला नाही, ड्युटी आहे म्हटलं. तेव्हा तापाने पडून होते. चेच्चीने कांजी करून घातली, आजींनी काठी टेकत येऊन सूप दिलं. जिभेला चव नव्हती आणि मला तुझ्या हातच्या कण्या आणि आंबाडीची भाजी एवढंच आठवत होतं.

आणि सगळ्यात कठीण ते शेवटी लिहिते आहे. नोव्हेंबरात चेच्ची जाणार. तिच्या नवऱ्याला ऑस्ट्रेलियात काम मिळालं आहे, मुलगाही तिकडेच शाळेत जाईल. तिच्यासाठी फार चांगलं झालं. गेली तीन वर्षं तिने त्याला फोनवरच मोठा होताना पाहिलं आहे. मी तिच्या बॅगा भरायला मदत करते आहे आणि तिच्यासमोर हसते. पण संध्याकाळी दार उघडल्यावर आत कुणी नसेल, याची मला आत्तापासून भीती वाटते. हे मी आज तुम्हाला फोनवर सांगणार होते. तू विचारलंस, "बरी आहेस न वं?" आणि मी बरी आहे म्हणून मोकळी झाले.

मी बरी आहेच, आई. काम आवडतं. पेशंट नावाने ओळखतात. दिवाळीला येता येणार नाही, पण संक्रांतीला तीन आठवड्यांची सुट्टी मंजूर झाली आहे. तेव्हा वेचणी सरत आलेली असेल. मला ओटीत कापूस भरायचा आहे, बोंडाची टोकं बोटांना टोचायला हवी आहेत.

बाबा, पत्र तुम्ही आईला वाचून दाखवाल, मधल्या काही ओळी गाळाल, ते मला माहीत आहे. या खेपेला गाळू नका. आणि उत्तर लिहा, एक पान तरी. जोडी कुणाच्या दावणीला गेली तेवढं आधी लिहा. गावातलाच शेतकरी आहे की बाजारात दिली? पाखऱ्याला डाव्या बाजूने गेलं की तो बिचकतो, हे घेणाऱ्याला सांगितलंत ना?

आई, पुढच्या रविवारी फोन गोठ्यातून कर. रिकामा आहे तर रिकामा दाखव.

तुमची,
ताई