फारकतीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक अजूनही कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला : शंभर रुपयांचा मुद्रांक, वर 'फारकतनामा', खाली नवरा-बायकोच्या सह्या, दोन पंच आणि नोटरीचा गोल शिक्का. सहा वर्षांपूर्वी या कागदाच्या भरवशावर त्यांनी मुलीचे दुसरे लग्न लावून दिले आणि आता पासपोर्टसाठी न्यायालयाचा हुकूमनामा मागितल्यावर त्यांना कळले, की कायद्याच्या लेखी मुलगी अजून पहिल्याच घरची सून आहे.

काडीमोडाची जुनी रूढी असलेल्या समाजांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ने मुभा ठेवली आहे, परंतु ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. इतरांच्या बाबतीत असा कागद कितीही जाड मुद्रांकावर केला तरी त्याने विवाह संपत नाही. उलट दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि द्विभार्या-द्विपती विवाहाच्या फौजदारी गुन्ह्याची टांगती तलवार राहते. विवाहाचे वा घटस्फोटाचे दस्त नोटरींनी करू नयेत, असे केंद्रीय विधी खात्याने ऑक्टोबर २०२४मध्ये बजावले आहे.

खेद याचा वाटतो, की दोघेही राजी असताना सरळ वाट उपलब्ध आहे. १९७६च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३ ब नुसार किमान एक वर्ष वेगळे राहिलेल्या पती-पत्नींना कोणावरही क्रौर्याचा वा व्यभिचाराचा आरोप न करता संयुक्त अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात तो दाखल होतो. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा आणि भेटीचे दिवस हे सारे संमतीच्या अटींत आधीच स्पष्ट लिहावे. माझ्या अनुभवात अर्ज रखडतात ते कायद्यापायी नव्हे, तर 'दागिने नंतर बघू' या एका वाक्यापायी. हुकूमनामा होईपर्यंत कोणाही एकाला संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच स्पष्ट केले असल्याने अर्धवट तडजोड धोक्याची असते.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे संमती सांगायची असते. या सहा महिन्यांच्या धास्तीनेच पुष्कळजण नोटरीचे टेबल गाठतात. मात्र अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७च्या निकालानुसार दोघे पहिल्या अर्जापूर्वी दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि देण्याघेण्याचा व मुलांचा प्रश्न मिटला असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते. तो अधिकार न्यायाधीशांच्या विवेकाचा आहे, हक्काने मागण्याचा नाही.

आपल्या दैनिकाने ही माहिती तालुका पुरवण्यांतून द्यावी, ही विनंती. विवाह जमवणाऱ्या मंडळांनीही 'घटस्फोटित' असे लिहिलेल्या स्थळाकडे हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागण्यात संकोच करू नये.

वर उल्लेखिलेल्या मुलीच्या पहिल्या पतीने सुदैवाने कटुता धरली नाही. दोघांचा संयुक्त अर्ज मुदतमाफीच्या विनंतीसह तयार होत असून, हुकूमनामा मिळाल्यावर तिला सध्याच्या पतीशी पुन्हा एकदा, या वेळी नोंदणी पद्धतीने, लग्न करावे लागणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी