रिकाम्या इमारतीचे रात्रीचे बिल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाणेर, खराडी, हिंजवडीकडच्या कार्यालयीन इमारतींच्या गच्च्यांवर आता सौर पॅनेल दिसू लागले आहेत. चांगलेच आहे. पण पॅनेल वीज देते दिवसा, आणि या इमारतींची अगदी वाया जाणारी वीज जाते रात्री, माणसे घरी गेल्यावर. तेव्हा पॅनेलचे कोटेशन मागवण्याआधी व्यवस्थापकांनी सुरक्षारक्षकाला दोन आकडे टिपून ठेवायला सांगावेत: रात्री अकराचे आणि पहाटे पाचचे मीटर रीडिंग.

दोन्हींतल्या फरकाला बिलावर छापलेल्या गुणकाने, म्हणजे एमएफने, गुणायचे. फरक ९ आणि गुणक ४० असेल तर सहा तासांत ३६० युनिट झाले, सरासरी भार ६० किलोवॉट. वर्षाला १,३१,४०० युनिट. युनिटमागे दहाच रुपये धरले तरी तेरा लाखांवर. सर्व्हरचा मोठा पसारा नसलेल्या कार्यालयाचा रात्रीचा भार दिवसाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असेल, तर काहीतरी विनाकारण चालू आहे असे खुशाल समजावे.

ते शोधायला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर, पुरतो. इलेक्ट्रिशियनने रात्री मुख्य वीज-पॅनेलवरच्या एकेका फीडरचा, म्हणजे तिथून यंत्रांकडे जाणाऱ्या लाइनचा, करंट मोजावा. बहुतेकदा सापडतो तो एसीची हवा फिरवणारा एएचयू. त्याच्या स्टार्टरवर ऑटो-ऑफ-मॅन्युअल असा फिरता स्विच असतो. कधीतरी ऑटोमेशन बिघडते, कोणीतरी स्विच मॅन्युअलवर टाकतो आणि तो तिथेच राहतो. मग संगणकावरचे वेळापत्रक रोज रात्री आठला इमानेइतबारे 'बंद'चा आदेश देते. मोटरपर्यंत तो पोचतच नाही.

दुसरा संशयित टायमर. त्याची बॅटरी मेलेली असली तर वीज गेली की घड्याळ थांबते. गुरुवारी देखभालीसाठी चार तास वीज बंद राहिली की घड्याळ चार तास मागे. आवारातले दिवे सकाळी दहाच्या उन्हात जळताना दिसले तर दुसरे कारण शोधत बसू नये. स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट आणि तळघरातले पंखेही असेच रात्रभर फिरतात. तळघरात कार्बन मोनॉक्साइड सेन्सर बसवला तर पंखे गाड्यांच्या धुरापुरतेच चालतात.

कपॅसिटरकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मोटरींना प्रत्यक्ष कामाच्या विजेखेरीज चुंबकत्वासाठी रिअॅक्टिव्ह वीज लागते; ती केव्हीएआरमध्ये मोजतात आणि कपॅसिटर ती जागेवरच पुरवतात. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे या दोन्ही विजा धरून, आकारणी होते, आणि पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला कामाच्या विजेचा वाटा) लॅग असो, म्हणजे कपॅसिटर कमी पडोत, वा लीड, म्हणजे ते जास्त होवोत, मीटर दोन्ही मोजतो. रात्री भार ६० किलोवॉट, त्याला लागणारे ३० केव्हीएआर, आणि पॅनेलमध्ये कायम जोडलेले कपॅसिटर १०० केव्हीएआरचे: ७० केव्हीएआर उलटे जातात, आणि मीटर ६० ऐवजी सुमारे ९२ केव्हीए एकूण भार पाहतो. एपीएफसी पॅनेल, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारे-सोडणारे पॅनेल, ऑटोवर ठेवावे, त्यात ५ आणि १० केव्हीएआरच्या लहान पायऱ्या असाव्यात. जनरेटरच्या किंवा पॅनेलच्या कामानंतर कंट्रोलरच्या सीटीची (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची) जोडणी उलटी तर झाली नाही ना, हेही तपासावे. ती उलटी झाली की ऑटोवरचे पॅनेलही भलत्या वेळी कपॅसिटर जोडते.

दिवसाचे एकच सांगतो. एएचयूला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, असूनही तो ५० हर्ट्झवर बांधून ठेवलेला असतो. ४० हर्ट्झवर आणला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते. टोकाच्या टेबलापर्यंत हवा पोचते का आणि ताजी हवा पुरते का, एवढे पाहून मगच आकडा कायम करावा. फिल्टर तुंबलेला असेल तर आधी तो धुवावा.

हे सारे इतके सोपे असूनही होत नाही. बिल भाडेकरू भरतो, यंत्रे मालकाची असतात, आणि देखभाल एजन्सीला जाब विचारला जातो तो फक्त 'एसी गार होत नाही' या तक्रारीचा. रात्रीच्या युनिटांची झळ देखभालीचे कंत्राट करणाऱ्या कोणालाच बसत नाही. पुढच्या नूतनीकरणात एक कलम वाढवावे: एजन्सीने दर महिन्याला रात्री अकराचे व पहाटे पाचचे रीडिंग, आणि मॅन्युअलवर असलेल्या प्रत्येक स्विचचे कारण, लेखी द्यावे.

आपला,
एक वीजतंत्रज्ञ, एरंडवणे, पुणे